क्लोनिंगवर माझा आक्षेप सारखेपणाला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रालाही, सुरुवातीला ‘निसर्गाविरुद्ध’, ‘माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का’ असंच म्हटलं गेलं, आणि आज त्याच तंत्रानं जन्मलेली लाखो माणसं आपल्यात वावरताहेत. एकसारखी जुळी भावंडं तर निसर्गानंच केलेले क्लोन. मग माणसाच्या क्लोनिंगलाच बंदी का? आणि उद्या ते सुरक्षित झालं, तर तुम्ही कराल का?

मी २२ वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. स्त्रीबीज, शुक्राणू आणि भ्रूण रोज हातांखालून जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: नाही, करणार नाही. पण त्याची जी कारणं सहसा दिली जातात, त्यांतली निम्मी मलाही पटत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयव्हीएफबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. २५ जुलै १९७८ ला आयव्हीएफच्या पहिल्या बाळाचा, लुईझ ब्राउनचा जन्म झाला, त्याच्या आगेमागे जे बोललं आणि लिहिलं गेलं ते आज वाचवत नाही. हे मूल धड माणूस असेल का, असंही लोक विचारत होते. (त्या जन्माच्या गोष्टीत हे तंत्र घडवणाऱ्या रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांची नावं सगळे घेतात. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांचं नाव फार थोडे घेतात. १९८५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्या गेल्या. आमच्या पेशाची सुरुवात त्यांच्यापासून झाली असं मी मानते, म्हणून नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.) तेव्हा ‘अनैसर्गिक’ हा शब्द मी या चर्चेत वापरतच नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन अनैसर्गिक आहे, सिझेरियन अनैसर्गिक आहे. त्या शब्दानं काहीच सिद्ध होत नाही.

जुळ्यांचं उदाहरणही तुम्ही योग्य दिलंत. क्लोनिंगविरुद्ध सर्रास सांगितलं जाणारं कारण म्हणजे ‘प्रत्येक माणूस एकमेव असतो, क्लोन तसा नसेल’. हे कारण जुळ्यांपुढे टिकत नाही. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या जनुकांच्या वेगळेपणावर अवलंबून असती, तर एकसारख्या जुळ्यांना ती अर्धी अर्धी वाटून घ्यावी लागली असती. युनेस्कोनं १९९७ मध्ये मानवी जनुकसंचाविषयी जो जाहीरनामा केला, त्यातलं ११ वं कलम माणसाचं पुनरुत्पादनासाठी क्लोनिंग करणं प्रतिष्ठेविरुद्ध ठरवतं, हे अनेकांना माहीत असतं. त्याच जाहीरनाम्याचं दुसरं कलम मला जास्त मोलाचं वाटतं. माणसाला त्याच्या जनुकीय गुणधर्मांपुरतं मोजू नका, असं ते सांगतं. ही दोन कलमं एकत्र वाचली की सगळा मुद्दा हाती लागतो. क्लोन करायला निघालेला माणूस नेमकं तेच करत असतो. एका माणसाला तो त्याच्या जनुकांपुरता मोजतो आणि म्हणतो, एवढं मिळालं की तो परत मिळाला.

जुळी दोघं एकाच वेळी या जगात येतात. पुढे काय आहे ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. त्यांचा जनुकसंच कुणी पसंत करून आणलेला नसतो. क्लोन मात्र मागाहून येतो, एका जगून झालेल्या आयुष्याच्या मागे. आणि हाच संच का, याचं उत्तर त्याच्या जन्माआधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं.

हे मला पुस्तकातून समजलं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी एक जोडपं आलं. ‘लॅबमधल्या मॅडमना भेटायचंय’ असा त्यांचा आग्रह होता. आम्ही एरवी पेशंटना फारसं भेटत नाही, काचेपलीकडेच असतो. त्यांचा सात वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात कंगव्यातून काढून ठेवलेले मुलाचे केस होते. ‘मॅडम, यातून होईल का?’

मी आधी सोपं उत्तर दिलं, म्हणजे तांत्रिक. कंगव्यात अडकलेल्या केसात जिवंत पेशी नसतात. क्लोनिंगला अखंड केंद्रक असलेली पेशी लागते, वाढवून नीट गोठवून ठेवलेली. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘आणि तशा पेशी असत्या तर?’ मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले त्यांचे यजमान म्हणाले, ‘अगं, पण त्याच्या गुडघ्यावरचा व्रण याला नसेल.’

मुलगा सायकलवरून पडला होता, तीन टाके पडले होते, हे नंतर कळलं. मी त्यांना जे अर्धा तास समजावून सांगितलं असतं, ते त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. येणाऱ्या मुलाच्या गुडघ्यावर त्या आईचे डोळे रोज तो व्रण शोधणार. तो मुलगा सायकल चालवायला लागला की घरात श्वास रोखला जाणार. त्याला चित्रं काढावीशी वाटली तर आधीच्याला काय आवडायचं ते आठवणार. त्या घरात त्याच्यावर प्रेमाचा वर्षाव होईल, यात मला शंका नाही. पण त्यातलं किती प्रेम त्याचं स्वतःचं असेल, हे त्याला आयुष्यभर कळणार नाही.

यावर नेहमी विचारलं जातं, की आईबाप अपेक्षा तर सगळ्याच मुलांकडून करतात ना? करतात. गेलेल्या भावाचं नाव ठेवलेली मुलंही असतात. पण एरवीच्या मुलाबाबत आपण अंधारात असतो. ते कसं निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपल्या अपेक्षा मोडायला त्याला तेवढीच मोकळी जागा मिळते. क्लोनच्या वाट्याची ही जागा आधीच कुणाच्या तरी सामानानं भरलेली असते. तो बंड करून तिथून बाहेर पडेलही. पण ती जागा त्याला जन्मतःच मिळायला हवी होती, झगडून मिळवायला लागू नये.

गंमत म्हणा की क्रूरपणा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा ते हाती लागतही नाही. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. ज्या मांजरीच्या पेशीतून ते केलं, ती पांढरी-काळी-नारिंगी अशी तिरंगी होती. पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तो रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद होतो. ज्या पेशीतून क्लोन झाला, तिच्यात नारिंगीचा एक्स बंद होता आणि पिल्लातही तो तसाच राहिला. शिवाय क्लोनच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, स्वतःची थोडी जनुकं असलेले भाग, येतात ते बीज देणाऱ्या मादीकडून. नुसत्या मांजराच्या अंगावरचा रंग परत आणता येत नाही, तिथे माणूस परत आणण्याची भाषा कशी करायची!

आता सुरक्षिततेकडे येते, कारण तुमचा ‘उद्या सुरक्षित झालं तर’ हा ‘तर’ मला सगळ्यात जास्त खटकतो.

इक्सी, म्हणजे स्त्रीबीजात सुईनं एकच शुक्राणू सोडणं, ते करताना काय होतं ते सांगते. मायक्रोस्कोपखाली डाव्या बाजूच्या काचेच्या नळीनं स्त्रीबीज हलक्या ओढीनं धरलेलं असतं. उजवीकडे केसाहून बारीक सुई, तिच्यात एकच शुक्राणू. सुई आत जाते तेव्हा बीजाचं पातळ आवरण आधी ताणलं जातं, आत खळगा पडतो, आणि मग एका क्षणी ते सैल होतं. तो क्षण हाताला कळतो. २२ वर्षांनंतर आजही त्या वेळी मी बोलत नाही. क्लोनिंगमध्ये याच पद्धतीनं उलट काम करायचं असतं: बीजातली गुणसूत्रं सुईनं बाहेर काढायची, त्या जागी दुसऱ्या शरीरातल्या पेशीचं केंद्रक ठेवायचं आणि विजेच्या झटक्यानं दोन्ही जोडायचं. हाताचं कसब बरंचसं तेच. पुढे जे घडायला हवं ते मात्र फार वेगळं आहे. शुक्राणू आणि स्त्रीबीज यांची जनुकं एका नव्या जिवासाठी दीर्घ काळ तयार होत आलेली असतात, कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद याच्या खुणांसकट. त्वचेच्या किंवा आचळाच्या पेशीतली जनुकं त्वचेचं किंवा आचळाचं काम करत असतात. त्यांना सगळं विसरून पहिल्यापासून सुरू करायचं असतं, तेही काही तासांत. बहुतेक वेळा ते अर्धवटच होतं.

क्लोन केलेल्या डॉली मेंढीचा हिशेब बघा. ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेत ती जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या आचळातल्या पेशी वापरून २७७ बीजं जोडली, त्यांतून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवले आणि एक कोकरू जन्मलं. २०१८ मध्ये शांघायमधल्या शास्त्रज्ञांनी माकडांचे क्लोन जाहीर केले. गर्भातल्या पेशींपासून केलेले ७९ भ्रूण २१ माद्यांमध्ये ठेवून दोन पिल्लं जगली. प्रौढ माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा ४२ माद्यांमध्ये १८१ भ्रूण ठेवले, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच दगावली. माझ्या टेबलावर बसून हे आकडे वाचताना मला मेंढ्या आणि माकडं दिसत नाहीत. मला ४२ बाया दिसतात.

‘सुरक्षित झालं’ हे कळणार कसं? माणसात ते सुरक्षित आहे हे माणसावर करून पाहिल्याशिवाय समजत नाही. करून पाहायचं म्हणजे काही मुलं व्यंगासह जन्मणार, काही पोटातच जाणार, काही दहाव्या वर्षी आजारी पडणार, आणि त्यांतल्या एकालाही आपण आधी विचारलेलं नसणार. इथे तुम्ही म्हणाल, की १९७८ मध्येही हेच होतं. अंशतः होतं, आणि त्या वेळच्या टीकाकारांतल्या काहींचा हा मुद्दा रास्त होता, असं मी आमच्या पेशातल्या नव्या मुलांना मुद्दाम सांगते. पण तिथे स्त्रीबीज आणि शुक्राणू आपल्या नेहमीच्या तयारीनिशी भेटत होते. बदलली होती ती भेटीची जागा. इथे ती तयारीच पुसून नव्यानं लिहायची आहे. नव्या औषधाच्या चाचणीत आजारी माणूस जोखीम घेतो, कारण त्याला बरं व्हायचं असतं. अजून नसलेल्या मुलाला बरं व्हायचं नसतं. त्याच्या नावानं घेतलेली ही जोखीम दुसऱ्याच कुणाची तरी गरज भागवण्यासाठी असते.

आणि ही सगळी बीजं येतात कुठून? प्रतिष्ठेची चर्चा नेहमी भ्रूणाभोवती फिरते. ज्या बाईच्या शरीरातून बीज काढायचं, ती चर्चेत येतच नाही. दहाबारा दिवस रोज इंजेक्शनं, सोनोग्राफी, रक्ततपासण्या, मग भूल देऊन योनिमार्गातून सुई घालून पिक-अप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. काहींच्या बीजाशयांना जास्त सूज येते, पोटात पाणी होतं, क्वचित जिवावर बेततं. स्वतःच्या बाळासाठी बाई हे सोसते, ते मी समजू शकते. पण २००४ आणि २००५ मध्ये दक्षिण कोरियात काय झालं? ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञानं क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, मिळवल्याचे दोन निबंध प्रसिद्ध केले. जगभर जयजयकार झाला. मग उघड झालं, की निष्कर्षच बनावट होते. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. पण त्या कामासाठी २,००० हून जास्त स्त्रीबीजं वापरली गेली होती. त्यांतली काही पैसे देऊन मिळवली होती, काही त्यांच्याच प्रयोगशाळेत हाताखाली काम करणाऱ्या संशोधक मुलींची होती. साहेबांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न पडलेली कनिष्ठ मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी स्वतः कधीतरी कनिष्ठ होते. एकही क्लोन जन्माला न येता क्लोनिंगनं माणसाची प्रतिष्ठा तुडवून झाली होती. सगळ्यांना आठवतो तो मात्र बनावट निबंध.

उपचारासाठी क्लोनिंग, म्हणजे भ्रूण गर्भाशयात न ठेवता त्यातून फक्त स्टेम सेल काढणं, हा वेगळा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांनी मार्च २००५ मध्ये क्लोनिंगविरोधी जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला, ३७ देश तटस्थ राहिले. मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग नको यावर जवळपास एकमत होतं, फूट पडली ती संशोधनावरून. पुढच्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींनाच स्टेम सेलसारखं बनवून दाखवलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशींनाही, आणि त्या वादातली बरीच धग गेली. मला त्याचा आनंद झाला, कारण आता कुणा बाईला बीज मागायची गरज कमी झाली.

क्लोनिंग दूर आहे म्हणून आम्ही प्रयोगशाळेतले लोक निर्धास्त आहोत, असं मात्र समजू नका. ज्या वृत्तीला मी विरोध करते आहे ती रोज दारात येते, दुसऱ्या कपड्यांत. थॅलेसीमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एक मूल सांभाळणारं जोडपं भ्रूणाची तपासणी मागतं, तेव्हा मी मनापासून मदत करते. त्यांना एका मुलाला यातनांतून वाचवायचं असतं. पण ‘मुलगाच हवा’, ‘उंची किती होईल’, ‘हुशारीचे गुण काढून मिळतात म्हणे, त्यातला वरचा ठेवा’ अशा मागण्या आल्या की आम्ही थांबवतो. भ्रूणांना असे गुण देण्याची सेवा विकणाऱ्या कंपन्या आता आहेत. एका जोडप्याचे चार-पाच भ्रूण, त्यांच्यातले फरक लहान, अंदाज ढोबळ. पण त्यातून जन्मलेल्या मुलाला पुढे कळणार की आपण पहिल्या नंबरानं पास झालेलो आहोत. ते नापास झालं तर?

याच्या अलीकडेपलीकडे अवघड प्रकरणं आहेत आणि तिथे माझं मतही डळमळतं. आजारी भावंडाला जुळणारं रक्त मिळावं म्हणून भ्रूण निवडायचा, हे २००० सालापासून होत आलेलं आहे. जन्मलेल्या बाळाच्या नाळेतलं रक्त एरवी टाकूनच दिलं जातं, त्यानं मोठ्या बहिणीचा जीव वाचला तर मी आक्षेप घेणार नाही. हे मूल त्यांना तसंही हवं होतं का, एवढं मी विचारते. पण नाळेच्या रक्तानं भागलं नाही आणि पाच वर्षांच्या पोराकडे अस्थिमज्जा मागितली गेली, पुढे किडनी मागितली गेली, तर? तिथे त्या पोराच्या बाजूनं बोलणारा, आईवडिलांपेक्षा वेगळा कुणीतरी माणूस हवाच, असं माझं ठाम मत आहे.

बीज किंवा शुक्राणू देणाऱ्या दात्यांबाबतही तसंच. आपला दाता कोण हे जाणून घ्यायचा हक्क स्वीडननं १९८५ मध्ये, ब्रिटननं २००५ मध्ये कायद्यानं मुलांना दिला. आमच्या पेशात सुरुवातीला सगळ्यांनी फक्त जोडप्याची आणि दात्याची सोय पाहिली. मूल मोठं होऊन प्रश्न विचारेल हे लक्षातच घेतलं नाही. ही चूक आमचीच.

एक गोष्ट इथे फार स्पष्ट लिहायला हवी. उद्या कुठेतरी कुणी गुपचूप माणसाचा क्लोन जन्माला घातलाच, तर ते मूल तुमच्याआमच्याइतकंच पूर्ण माणूस असेल. ‘प्रतिष्ठेच्या विरुद्ध’ हे शब्द ते घडवणाऱ्यांच्या कृत्याला लागू होतील, त्या मुलाला कधीही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये ह च्येनख्वे या शास्त्रज्ञानं जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला पहिली काळजी हीच वाटली. ह यांना तीन वर्षांची कैद झाली ते योग्यच झालं. पण त्या मुलींना ‘प्रयोग’ म्हणणारे मथळे वाचताना मला लाज वाटत होती. लुईझ ब्राउनला जे ऐकावं लागलं, ते आणखी कुणाला ऐकवायचं नाही.

आणि उद्याचं म्हणाल, तर उद्या बीजांची टंचाईही संपेल. उंदरांमध्ये स्टेम सेलपासून स्त्रीबीजं तयार करून पिल्लं झालेली आहेत. धोका घटेल, यशाचे आकडे वाढतील. म्हणूनच मी माझा नकार फक्त धोक्यावर टांगून ठेवत नाही. कुठल्याही तंत्राबाबत मी पाहते ते हे, की येणाऱ्या मुलावर जन्माआधीच कुणाच्या कामाची चिठ्ठी लावलेली आहे का. क्लोनच्या बाबतीत ती चिठ्ठी लावल्याशिवाय क्लोन करायचं कारणच उरत नाही. मूलच हवं असेल तर दुसरे मार्ग आहेत. ‘हाच’ हवा असतो, म्हणून तर क्लोन.

एक सगळ्यात कठीण अपवाद मला कबूल आहे: ज्या दोघांकडे बीज आणि शुक्राणू दोन्ही नाहीत आणि दाता नको आहे, ते ‘हाच हवा’ म्हणत नसतील, ‘आमचं हवं’ म्हणत असतील. त्यांना मी काय सांगते? बापाचाच जुळा असून त्याचं मूल म्हणून वाढणं त्या मुलाला किती जड जाईल, एवढंच. त्यांना ते पटेलच असं नाही.

ते जोडपं दीड वर्षानं परत आलं, साध्या आयव्हीएफसाठी. बाई चाळिशीच्या पुढे गेल्या होत्या, दोनच भ्रूण धड निघाले. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भाशयात ठेवण्याच्या, आधी आम्ही पडद्यावर भ्रूण दाखवतो. पाचव्या दिवसाचा, आवरणातून थोडा बाहेर डोकावणारा. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हा तो नाही.’ प्रश्न होता की विधान, मला समजलं नाही. मी म्हटलं, ‘नाही.’ त्यांनी मान हलवली आणि आडव्या झाल्या. त्या वेळी बीटा, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी गोठवलेला दुसरा भ्रूण ठेवला, तो राहिला. मुलगी झाली.